मिरवणूक अडते कुठे?

अनंत चतुर्दशी उलटली की पुण्यात दोन आकड्यांची चर्चा सुरू होते. मिरवणूक किती तास चालली, आणि कुठल्या चौकात किती डेसिबल भरले. मग भांडण जुंपतं. एक बाजू म्हणते, सण वर्षातून एकदा येतो, ज्यांच्या कानांना सोसत नाही त्यांनी दोन दिवस गावाला जावं. दुसरी म्हणते, टिळक असते तर त्यांनी मान खाली घातली असती, आता बंद करा हे सगळं, नाहीतर न्या एखाद्या मैदानावर. पहिलीला दुसरी धर्मद्वेष्टी वाटते, दुसरीला पहिली गावगुंड. पितृपक्ष सरेपर्यंत हे चालतं, मग घट बसतात आणि विषय बदलतो. पुढच्या भाद्रपदात तीच वाक्यं तशीच्या तशी बाहेर निघतात. भांडण श्रद्धेवर होतं, बिघाड मात्र रांगेत असतो. विसर्जन मिरवणुकीचा मूळ प्रश्न वेळेचा आहे, आवाज हा त्यातून फुगलेला प्रश्न आहे. रांग आणि घड्याळ यांना हात न लावता डेसिबल मोजत बसलं, तर आणखी वीस वर्षं मोजतच बसावं लागेल.

आधी रस्ता पाहू. महात्मा फुले मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून बेलबाग चौक, तिथून लक्ष्मी रस्त्याने टिळक चौक, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला अलका चौक. अंतर दोन किलोमीटरही भरत नाही. एरवी माणूस रमतगमत गेला तरी अर्ध्या तासात पोचतो. केळकर, कुमठेकर आणि टिळक रस्त्यांवरच्या रांगाही शेवटी याच चौकात उतरतात. चार ओढे आणि मोरी एकच. पाऊस थोडा असला तरी पाणी तुंबणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. तरी दर वर्षी बैठका होतात त्या आवाजावर, रथाच्या उंचीवर, मांडवाच्या खड्ड्यांवर. संभाजी पुलावरून जाणाऱ्या मेट्रोमुळे रथांची उंची अडेल म्हणून २०२१ मध्ये तिथलं काम काही काळ थांबलं होतं, इतका उंचीचा विचार आपण करतो. लांबीचा विचार कोण करतं?

तो करून पाहू. १०० ढोल चारच्या ओळीत उभे केले तर २५ ओळी होतात. कमरेला ढोल बांधलेल्या वादकाला टिपरू मोकळं फिरवायचं तर पुढच्या ओळीपासून दोन मीटर अंतर हवं. म्हणजे नुसत्या ढोलांनीच ५० मीटर रस्ता खाल्ला. पुढे ध्वज, मध्ये ताशे, सोबत झांजा आणि टोल धरले, तर असं पथक ७० मीटरच्या खाली बसत नाही. एका मंडळापुढे अशी तीन पथकं, मागे रथ, त्यामागे जनरेटर, आणि सगळ्याला वेढून कार्यकर्त्यांनी धरलेली दोरी. ताफा २५० मीटरचा झाला. न थांबता चालला तरी मिरवणुकीचा वेग ताशी एक किलोमीटरच्या आसपास, मिनिटाला १६-१७ मीटर. हा ताफा एका चौकातून पूर्ण सरकायला १५ मिनिटं घेतो. सकाळी दहा ते दुसऱ्या दिवशी पहाटे सहा, म्हणजे २० तास, १२०० मिनिटं. एका रस्त्यावरून एवढ्या वेळात जाऊ शकतील अशी मंडळं ८०.

आता यात स्थिरवादन घाला. बेलबाग चौकात गोल करून, कॅमेरे रोखलेले असताना, पथकाने जागेवर उभं राहून दहा मिनिटं वाजवलं. प्रत्येक मंडळाने दहाच मिनिटं, जास्त नाही. १५ चे २५ झाले, आणि ८० मंडळांची ४८ झाली. दहा मिनिटांच्या हौसेने ३२ मंडळं दुसऱ्या दिवसात ढकलली गेली. गंमत अशी की असे चार थांबे घेतले काय किंवा एक, एकूण किती मंडळं पार होतात ते ठरतं सगळ्यांत लांबलेल्या एका थांब्यावर. बाकीचे थांबे त्याच्या सावलीत जातात. म्हणून ‘आम्ही इतर चौकांत थांबलोच नाही’ हा मंडळांचा युक्तिवाद खरा असला तरी बिनकामाचा असतो. आणि ही गणितं सगळं सुरळीत धरून केलेली आहेत. रथाचा आस मोडतो, जनरेटर बंद पडतो, सजावटीचा कळस केबलमध्ये अडकतो आणि कोणीतरी बांबू घेऊन वर चढतो. शिवाय पुढचं मंडळ लांब गेलेलं दिसत असूनही मागचं हलत नाही, कारण समोर मोकळा रस्ता मिळाला तरच पथकाला उलगडता येतं. मोकळी जागा राखून ठेवणं हाच तिथे मानाचा खेळ होऊन बसतो.

यात कायदा काय करतो? ध्वनिप्रदूषण नियमावली २००० साली आली. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक आणि वाद्यं बंद. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा दहाऐवजी बारापर्यंत नेता येते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये या सवलतीला मान्यता दिली, आणि त्या दिवसांत गणेशोत्सवाचे दिवस दर वर्षी असतात. नियम चांगला आहे, हेतू तर त्याहून चांगला. पण अनंत चतुर्दशीच्या रात्री बाराला रस्त्यावर काय होतं ते पाहा. स्पीकर बंद होतात आणि त्यासोबत गाड्याही थांबतात. ज्या मंडळाने स्पीकरच्या भिंतीसाठी वर्गणीतला मोठा वाटा मोजलेला असतो, ते मुकाट्याने चौक ओलांडून नदीवर कशाला जाईल? ते जागेवर थांबतं. पोरं फुटपाथवर, दुकानांच्या पायऱ्यांवर, ट्रकच्या सावलीत आडवी होतात. सकाळी सहाला पुन्हा बटण दाबलं जातं. शेजाऱ्यांना झोप मिळावी म्हणून केलेल्या नियमाने मिरवणुकीत सहा तास भरले, आणि आवाज दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लांबवला. ज्या आजीबाईंसाठी नियम केला त्यांना रात्रीची झोप मिळाली खरी, पण दुपारची औषधाची वेळ मिक्सरवाल्याच्या हातात गेली. नियमात ‘वाजवू नका’ आहे, ‘थांबू नका’ कुठेच नाही. खरं तर दुसरं पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे.

आवाजाविरुद्ध बोलणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही, तो आधी पूर्ण मान्य केला पाहिजे. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करण्याची तरतूद आहे. मिरवणुकीच्या रस्त्यावर या आकड्यांची आठवण काढली तरी हसू येतं. ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, हा कामगारांच्या कानांसाठी प्रचलित असलेला हिशेब लावला तर १०० डेसिबलला सुरक्षित वेळ १५ मिनिटांची निघते. पथकातली मुलं-मुली नदीपात्रात दीड-दोन महिने रोज सराव करतात, बहुतेक कानात काहीही न घालता. त्यांच्या कानांचं काय होतं, हा प्रश्न विचारणारा उत्सवाचा शत्रू कसा ठरतो?

पण डेसिबल हे हत्यार या लढाईसाठी बोथट आहे, आणि त्याचं कारण तांत्रिक आहे. नियमांतला डेसिबल ‘ए’ प्रकारचा आहे. माणसाच्या कानाला खर्जातले स्वर मंद ऐकू येतात म्हणून हे मापन खर्जाचा आवाज मुद्दाम कमी धरतं: १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबलने, ५० हर्ट्झला तब्बल ३० ने. बेसच्या खोक्यातून ५० हर्ट्झचा ११० डेसिबलचा दणका निघाला तर मीटर त्याचे ८० मोजतं. आणि लोकांची खरी तक्रार त्या दणक्याचीच असते. खिडकीची तावदानं थरथरतात, फळीवरची भांडी किणकिणतात, छातीत धडधडतं. तिखट आवाज खिडकी लावली की बराच अडतो. खर्ज भिंतीतून आत येतो. म्हणजे जे बाहेर थांबवता येतं ते मीटर मोजतं, आणि जे घरात घुसतं ते निम्मंही मोजत नाही. दुसरी अडचण पुराव्याची. दोन मंडळं पुढे-मागे सारख्याच जोरात वाजवत असतील तर दोघांचा मिळून आवाज एकापेक्षा फक्त तीन डेसिबलने जास्त भरतो. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना चार मजली इमारती, आवाज आपटून परत येतोय, अशा ठिकाणी मीटरवरच्या १०४ मध्ये कोणाचे किती, हे न्यायालयात सिद्ध करून दाखवा. गुन्हे नोंदले जातात, बातमी छापून येते, पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. याउलट घड्याळ बघायला पोलीस हवालदारालाही तज्ज्ञ लागत नाही. अमुक मंडळ अमुक चौकात किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं, याचा पुरावा हजार मोबाइलमध्ये असतो.

आता दुसरी बाजू. ‘आमच्याच सणावर बोट का’ ही तक्रार नुसती झिडकारून चालणार नाही. लग्नाच्या वराती, निवडणुकीतल्या विजयाच्या मिरवणुका, जयंत्या, नेत्यांचे वाढदिवस: वर्षभर त्याच स्पीकरच्या भिंती त्याच रस्त्यांवर उभ्या असतात आणि कोणी अग्रलेख लिहीत नाही. कायदा निवडून लावला की तो अन्यायासारखाच दिसतो. ढोलपथकांबद्दलही असंच. हजारो मुलंमुली, कॉलेजातली आणि नोकरीतली, संध्याकाळी एकत्र येऊन शिस्तीत काहीतरी शिकतात, आणि मुली ढोल बांधून पुढच्या ओळीत उभ्या राहतात. हे शहरातल्या किती सार्वजनिक गोष्टींबद्दल म्हणता येतं? २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने एका पथकात ३० च वादक असावेत असं बंधन घातलं, तेव्हा शहरभर खळबळ झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये त्याला स्थगिती दिली. स्थगिती मिळाली म्हणून एकांनी पेढे वाटले, दुसऱ्यांनी कपाळाला हात लावला. त्या आकड्याचा आवाजाशी नेमका संबंध काय, हे मात्र फारसं कोणी विचारलं नाही. ३० ढोलांचे ६० केले तर आवाज वाढतो तो तीन डेसिबल, कानाला जेमतेम कळेल इतका. ३० चे ३०० केले तरी दहा. आवाज आवरायला वादकांची संख्या हा फार कच्चा लगाम आहे. पण त्याच ६० ढोलांनी रस्ता दुप्पट व्यापला, आणि चौकातला वेळही दुप्पट घेतला. म्हणजे आकड्यावर बंधन हवंच असेल तर ते ध्वनीच्या नावाने घालण्यात अर्थ नव्हता, लांबीच्या नावाने होता. चुकीच्या कारणाने घातलेलं बंधन चुकीच्या आनंदात उठलं.

‘परंपरा’ हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. भाऊसाहेब रंगारींनी १८९२ मध्ये सुरुवात केली की टिळकांनी १८९३ मध्ये, हा पुण्याचा आवडता वाद बाजूला ठेवू. दोघांपैकी कोणाच्याही मिरवणुकीत वीज नव्हती. मेळे होते, पदं होती, लेझीम होतं, पालख्या आणि बैलगाड्या होत्या. ध्वनिवर्धक नंतर आला आणि स्पीकरच्या भिंती तर अगदी काल-परवाच्या. (सातारा-कोल्हापूरकडे त्यांना ‘डॉल्बी’ म्हणतात. मूळ डॉल्बीचं नाव टेपवरची खरखर काढून टाकण्याच्या तंत्रामुळे झालं, हा योगायोग मजेशीर आहे.) तेव्हा परंपरेतलं सगळ्यांत जुनं काय, असं विचारलं तर उत्तर वाद्य नाही, क्रम हे आहे. आधी कोण, हा तंटा सार्वजनिक उत्सवाच्या पहिल्या काही वर्षांतच उभा राहिला. ग्रामदैवत म्हणून कसबा गणपती पहिला, ग्रामदेवतेचा म्हणून तांबडी जोगेश्वरी दुसरा, असा तो मिटला. गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा ही पुढची ओळ आजही कोणी मोडत नाही. कोणत्याही नियमावलीत दंड लिहिलेला नसताना पाच मंडळं आपापल्या जागी शतकभर चालतात. मग सहाव्या मंडळापासून पुढे क्रम पाळणं अचानक अशक्य का व्हावं?

याहून मोठं उदाहरण त्याच रस्त्यांवरून दर ज्येष्ठात जातं. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीत रथापुढे २७ दिंड्या, रथामागे त्याहून कितीतरी जास्त, प्रत्येकीला क्रमांक. सकाळची न्याहारी कुठे, दुपारचा विसावा कुठे, मुक्काम कुठे, हे सगळं आधी छापलेलं. लाखो माणसं दिवे घाट चढतात. संध्याकाळी समाजआरतीला चोपदार दंड वर करतो आणि टाळ-मृदंगांसह अख्खा तळ गप्प होतो. डेसिबल मीटरशिवाय! वारीला हे सगळं पहिल्यापासून फुकट मिळालं असं कोणी समजू नये. सध्याच्या सोहळ्याची घडी एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी बसवली, म्हणजे ती ठरवून बसवावी लागली. यावर आक्षेप असा येईल की वारीत मानकरी आहेत, परंपरेने आलेला अधिकार आहे, माळ घातलेली माणसं आहेत. शहरातलं मंडळ म्हणजे शेजारच्या मंडळाशी चढाओढ करणारा स्वतंत्र संस्थानिक. आक्षेप बरोबर आहे. मंडळांना चोपदार नाही. पण त्यातून निघतं ते इतकंच, की चोपदार नेमावा लागेल. आणि तो खाकी कपड्यातला नसावा. पोलिसाने मंडळ पुढे ढकललं की ते दडपशाही वाटतं. मंडळांनीच निवडलेल्या माणसाने दंड उचलला तर वाद झाला तरी घरातला होतो.

करायचं काय, तेही नेमकं सांगता येतं. एका मंडळापुढे पथकं दोनच, आणि पूर्ण ताफा १५० मीटरच्या आत. मांडवातून निघतानाच टेप लावून मोजायचा, चौकात नाही, कारण चौकात मोजायला गेलं की मोजणाराच अडथळा होतो. प्रत्येक मंडळाला बेलबाग चौकात शिरण्याची वेळ गणेश चतुर्थीच्या आधीच ठरलेली, मानाच्या गणपतींनंतर चिठ्ठ्या टाकून. वेळ चुकली तर ताटकळत वाट पाहायची नाही. पुढचं मंडळ जाईल, चुकलेलं शेवटी. मुख्य रस्त्यावर स्थिरवादन बंद. पण ते नुसतं बंद केलं तर पथकं ऐकणार नाहीत आणि ऐकूही नये, कारण दोन महिन्यांचा घाम त्यांनी फक्त चालत वाजवण्यासाठी गाळलेला नसतो. त्यासाठी पाचव्या दिवसापासून नवव्यापर्यंत संध्याकाळी ठरावीक मैदानं द्यावीत, जिथे पथक गोल करून अर्धा तास मनसोक्त वाजवेल आणि बघायला आलेल्यांना उभं राहायला जागा असेल. मध्यरात्रीनंतर वाद्य बंद, चाक चालू: बारानंतर जो रथ १५ मिनिटांपेक्षा जास्त थांबेल त्याचा पुढच्या वर्षीचा क्रमांक जाईल. दंड पैशात ठेवण्यात अर्थ नाही. तो वर्गणीतून भरला जातो आणि कार्यकर्त्याला झळ लागत नाही. मंडळाला सगळ्यांत जास्त दुखतं ते रांगेत मागे जाणं. १८९० च्या दशकातही तेच दुखत होतं.

१५० मीटरचा ताफा, तोच वेग, थांबा नाही, असं धरलं तर एक मंडळ नऊ मिनिटांत चौक ओलांडतं. मघाचेच १२०० मिनिटं घेतले तर एका रस्त्यावरून १३० च्या वर मंडळं पार होतात. रथ बंद पडणं, दोरी सुटणं, पावसाची सर, पुढाऱ्यांचे हार-तुरे यांत यातला एक तृतीयांश वेळ गेला असं मानलं तरी आजच्यापेक्षा कितीतरी आधी रस्ता मोकळा होतो. आवाज किती कमी होईल? कुठल्याही एका क्षणी फारसा नाही, हे कबूल करायला हवं. पण एका घरासमोर तो ३० तासांऐवजी १५-१८ तास असेल, आणि कानाच्या हिशेबात तास डेसिबलइतकेच मोजले जातात. बेसच्या खोक्यांविरुद्धची लढाई त्यानंतरही लढावीच लागेल. ती लग्नाच्या वरातीपासून सुरू केली तर ‘आमच्याच सणावर का’ हा प्रश्नही आपोआप विरेल.

‘हे सगळं कागदावर, मंडळं ऐकतात कुठे?’ हा शेवटचा आक्षेप सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येतो आणि तोच सगळ्यांत कमी तपासला जातो. श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपती वर्षानुवर्षं रात्री उशिरा मिरवणुकीत यायचा. त्याच्यासाठी माणसं पहाटेपर्यंत लक्ष्मी रस्त्यावर जागा धरून बसायची, आणि ही वेळ कधी बदलेल असं कोणाला वाटत नव्हतं. २०२३ मध्ये तो दुपारी चारला रांगेत आला आणि रात्री नऊच्या आत विसर्जन झालं. दर्शनाला आलेल्यांत त्या वर्षी लहान मुलं कडेवर घेतलेली कुटुंबं जास्त दिसली, कारण एरवी त्या गणपतीच्या वेळेला ती मुलं झोपलेली असायची.